फ्रेंच वाइन, वेलीपासून बाटलीपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निफाडच्या द्राक्षपट्ट्यात वाढलो. त्यामुळे वाइनचा विषय निघाला की प्रश्न दोन बाजूंनी येतात. बागायतदार मित्र विचारतात, "ते लोक छाटणी कधी घेतात, एकरी माल किती काढतात?" शहरातले नातेवाईक विचारतात, "बाटलीवर द्राक्षाचं नावच नाही, मग ओळखायचं कसं?" दोघांचेही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. बागेचे प्रश्न आधी आणि सविस्तर आहेत, कारण फ्रेंच वाइनची खरी कामगिरी बागेत होते असं माझं ठाम मत आहे. तळघरात बागेतून आलेला माल बिघडू न देता सांभाळायचा असतो.

आपल्या खायच्या द्राक्षांची चांगली वाइन का होत नाही?

खायच्या थॉमसन जातीचा मणी आणि वाइनच्या कॅबरने सोव्हिन्यों जातीचा मणी तळहातावर शेजारी ठेवा. थॉमसन लांबट, टपोरा, बिनबियांचा आणि पातळ सालीचा असतो. मणी फुगावा म्हणून आपण जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढ-संप्रेरकाच्या) बुडवण्या देतो, घडाची विरळणी करतो. कॅबरने वाटाण्याएवढा, जाड सालीचा, आत बिया आणि गर जेमतेम. खायला घेतलात तर साल चावत बसावं लागेल. पण वाइनला तीच साल हवी असते. लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा सुवास सालीत असतो. जवळपास सगळ्या काळ्या द्राक्षांचा गर पांढराच असतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते. बाजारात चालणारं मोठ्या मण्याचं द्राक्ष म्हणूनच पिंपात फिकं पडतं.

दुसरा फरक गोडीचा. खायचं द्राक्ष साधारण १६ ते १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) काढलं तरी विकलं जातं. लाल वाइनसाठी २२ ते २४ ब्रिक्स लागते आणि त्या गोडीसोबत आंबटपणाही टिकून राहावा लागतो. ढोबळ हिशेब असा: लिटरभर रसातल्या १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल तयार होतं.

फ्रान्समध्ये वर्षाला किती छाटण्या घेतात?

एकच. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी अशा दोन लागतात, कारण २० अक्षांशावर वेल कधी झोपतच नाही. तिला विश्रांती आपण छाटून देतो आणि डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतो. फ्रान्सच्या वाइन-प्रदेशांपैकी बोर्दो ४५ अक्षांशाजवळ, बर्गंडी ४७ आणि शॅम्पेन ४९ च्या आसपास आहे. तिथे थंडीच वेलीची पानं उतरवते आणि तिला झोपवते. डिसेंबर ते मार्च या काळात, बोटं गारठत असताना, छाटणी चालते.

मार्च-एप्रिलमध्ये जमीन तापू लागली की छाटलेल्या काडीच्या टोकातून थेंब थेंब पाणी गळतं. तिकडचे शेतकरी त्याला वेलीचं रडणं म्हणतात. जूनमध्ये फुलोरा, ऑगस्टमध्ये मण्यात पाणी उतरतं (मणी मऊ होऊन पिकू लागतो), सप्टेंबरमध्ये काढणी. फुलोऱ्यापासून शंभर दिवस मोजायचे, हा त्यांचा जुना ठोकताळा आहे.

आकार द्यायच्या पद्धती भागागणिक वेगळ्या आहेत. बोर्दो आणि बर्गंडीत गियो पद्धत जास्त दिसते: खोडावर एक किंवा दोन काड्या ठेवून तारेला आडव्या बांधायच्या आणि पुढच्या वर्षी त्या काढून नव्या घ्यायच्या. म्हणजे कायमची आडवी फांदी (ओलांडा) नाही, दरवर्षी नवी फळकाडी. दक्षिणेत वाऱ्याचा जोर असतो. तिथे जुन्या बागा बिनतारेच्या आणि बुटक्या झुडपासारख्या ठेवतात. ऱ्होन खोऱ्यात मिस्त्राल हा वारा सुटला की मांडव उडून जाईल, पण ती झुडपं हलत नाहीत.

एकरी माल किती निघतो?

हा आकडा ऐकून आपल्याकडचा बागायतदार गप्प होतो. बर्गंडीच्या सर्वोच्च दर्जाच्या लाल बागांना हेक्टरी साधारण ३५ ते ३७ हेक्टोलिटरची मर्यादा असते. १ हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर, आणि त्याला सुमारे १३० किलो द्राक्षं लागतात. हिशेब केला तर एकरी दोन टनांच्याही आत. आपण खायच्या द्राक्षांचे एकरी दहा टन सहज धरतो.

त्यातही वेलींची संख्या पाहा. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजाराच्या आतबाहेर वेली बसतात. बर्गंडीत आणि बोर्दोच्या मेदॉक भागात हेक्टरी १०,०००, म्हणजे एकरी चार हजार वेली असतात. मीटरभर अंतरावरच्या ओळींवरून खास उंच पायांचे ट्रॅक्टर चालतात. एका वेलीवर जेमतेम अर्धा किलो माल. वेली दाटीने लावल्या की मुळांना पसरायला जागा राहत नाही, ती खाली जातात. शेंडा आवरतो आणि जे काही थोडे घड असतात त्यांत रस घट्ट होतो. माल जास्त धरला तर जुलैमध्येच हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात. पोटच्या घडावर कात्री चालवायला मन घट्ट करावं लागतं, हे बागेत उभं राहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

टेरवार, टेरवार म्हणतात ते नेमकं काय?

जमीन, उतार, पाण्याचा निचरा, सूर्याकडचं तोंड, वारा, आणि त्या तुकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या माणसांची समज, हे सगळं मिळून. नुसती माती म्हटलं तर अर्थ अपुरा राहतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं बर्गंडीत. बोन आणि दिजॉं या दोन शहरांच्या आसपास एक लांबट टेकडी आहे, चुनखडीची, पूर्वेकडे तोंड असलेली. टेकडीच्या माथ्यावर माती पातळ, पायथ्याला जड आणि ओलसर. मधल्या पट्ट्यात निचरा चांगला, ऊनही सकाळपासून. सगळ्यात नावाजलेल्या बागा त्या मधल्या पट्ट्यातच आहेत. सिस्टर्सियन मठांतल्या साधूंनी शतकानुशतकं या टेकडीवर वेली लावल्या आणि तुकड्यातुकड्यांतला फरक नोंदवला, भिंती घातल्या. अशा नाव असलेल्या तुकड्यांना तिथे क्लिमा म्हणतात. त्यांची संख्या बाराशेच्या वर आहे आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. जगप्रसिद्ध रोमाने-कोंती ही बाग अवघी १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकरही नाही.

वाटणीचं दुखणं तिथेही आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर चर्चच्या जमिनी विकल्या गेल्या, पुढे वारसाकायद्याने सगळ्या मुलांना हिस्से मिळू लागले. क्लो द वुजो ही भिंतीने वेढलेली ५० हेक्टरची एकच बाग आज सुमारे ८० मालकांत विभागलेली आहे. काहींच्या वाट्याला मोजक्या ओळी आहेत. आपल्या गावांतही सातबाऱ्यावर गुंठे उरतात. फरक एवढाच की तिथे त्या मोजक्या ओळींनाही बागेचं नाव लावायचा हक्क आहे, आणि त्या नावाला भाव आहे.

बागेला पाणी देतात की नाही?

बहुतेक नामांकित प्रदेशांत फळावर आलेल्या बागेला ठिबक नाही. नियमच तसे आहेत. दुष्काळात परवानगीने, ठरावीक मुदतीत सवलत मिळते. नव्या लागवडीला पाणी देता येतं. पावसावर वाढलेल्या वेलीत त्या वर्षाचं हवामान उतरतं, म्हणून बाटलीवरचं साल तिथे इतकं महत्त्वाचं.

आपल्याकडे गारपीट, त्यांच्याकडे काय?

गारपीट त्यांनाही होते. पण मोठी भीती एप्रिलच्या थंडीची. डोळे फुटून कोवळी पालवी आलेली असते आणि एका रात्री पारा शून्याखाली जातो. एप्रिल २०२१ मध्ये असंच झालं आणि देशभरातल्या बागा एकाच आठवड्यात पोळल्या. अशा रात्री शेतकरी ओळींमधून मेणाच्या शेकडो बादल्या पेटवतात. बर्गंडीच्या शाब्ली भागात तर तुषार लावून पालवीवर मुद्दाम बर्फाचा थर चढवतात. पाणी गोठताना थोडी उष्णता सोडतं, तेवढ्यावर आतला कोंब वाचतो. पहाटे बर्फात बंद झालेली हिरवी पालवी उन्हात चमकते.

बोर्डो मिश्रणाचा बोर्दोशी खरंच संबंध आहे का?

आहे. हे मोरचूद (तांब्याचं निळं क्षार) आणि चुन्याचं बुरशीविरोधी फवारणीचं मिश्रण, आणि त्याची हकीकत आपल्या प्रत्येक बागायतदाराला माहीत असायला हवी.

१८७८ च्या सुमारास अमेरिकेतून आलेला केवडा, म्हणजे डाऊनी हा बुरशीचा रोग, फ्रान्सच्या बागांत शिरला. पानं गळायची, घड पिकायचे नाहीत. बोर्दो विद्यापीठातले प्राध्यापक पिएर-मारी-अलेक्सी मियार्दे १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये मेदॉकमधल्या सॅं-ज्युलियॉं गावातून जात होते. सगळ्या बागा उघड्या पडलेल्या, पण रस्त्याकडेच्या ओळींवर पानं शाबूत होती. चौकशी केली तेव्हा कळलं की येणारे-जाणारे घड तोडतात म्हणून बागवाल्यांनी त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळं-पांढरं विषारी दिसलं की चोर हात लावत नाही. चोरासाठी केलेला उपाय बुरशीवर लागू पडला होता. मियार्देंनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयॉं यांच्यासोबत प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती जाहीर केली.

आजही आपण तेच करतो. एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, चुन्याच्या प्रतीप्रमाणे किलोच्या आसपास कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपांत, मग दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतायचं. नंतर घासून लख्ख केलेला विळा मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे, पान जळेल. अजून चुन्याची निवळी घालायची. पातं जसंच्या तसं बाहेर आलं की फवारणीला हरकत नाही. माझे वडील लिटमसचा कागद खिशात असतानाही आधी विळा बुडवायचे.

सेंद्रिय बागांना फ्रान्समध्ये तांब्याशिवाय दुसरा मोठा आधार नाही, पण तांबं जमिनीत साठतं. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

कलमी खुंट आपण वापरतो, ते तिथेही वापरतात?

खुंटाची गोष्टच तिथून सुरू होते. १८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये वेली कारण न कळता वाळू लागल्या. १८६८ मध्ये मॉंपेलियेचे ज्यूल-एमिल प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या वेलींऐवजी वरून निरोगी दिसणाऱ्या वेली उपटून पाहिल्या. मुळांवर पिवळसर मावा गर्दी करून बसला होता. तो फिलॉक्सेरा, अमेरिकेतून रोपांसोबत आलेला. सरकारने उपाय शोधणाऱ्याला मोठं बक्षीस लावलं, औषधं टोचून पाहिली, बागा पाण्याखाली बुडवून पाहिल्या. शेवटी उत्तर अमेरिकेकडूनच आलं. तिथल्या रानवेलींची मुळं या किडीला दाद देत नाहीत. खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच जातीचं कलम. आजची जवळपास सगळी फ्रेंच बाग अशा परक्या मुळांवर उभी आहे.

आपल्याकडचा डॉगरिज हा खुंट टेक्सासच्या रानवेलींतून निवडलेला आहे आणि ११० आर फ्रान्समध्ये संकरातून तयार झालेला. आपण ते मुख्यतः खारट पाणी आणि पाण्याचा ताण यांसाठी घेतो.

काढणी कधी करायची हे कसं ठरतं?

रिफ्रॅक्टोमीटरने गोडी आणि सोबत आम्लता मोजणं आहेच. त्याखेरीज मणी तोंडात घ्यायचा. साल चावून पाहायची, बी थुंकून तळहातावर घ्यायची. बी हिरवी असेल तर थांबायचं. तपकिरी होऊन दाताखाली खारकेच्या बीसारखी कडक लागली की तुरटपणा पिकला. पावसाचा अंदाज असेल तर मात्र रात्रीत निर्णय बदलतो. शॅम्पेनमध्ये काढणी हातानेच करायचा नियम आहे. इतरत्र बऱ्याच ठिकाणी यंत्र चालतं.

लाल वाइन तयार कशी होते?

देठ काढून मणी हलके फोडतात आणि साल-बियांसकट टाकीत भरतात. यीस्ट साखर खाऊ लागतं, रस गरम होतो, कर्बवायू निघतो. वायूच्या जोराने सालीचा जाड थर वर येतो. त्याला टोपी म्हणू. टोपी कोरडी पडली तर व्हिनेगरचे जंतू धरतात, म्हणून ती सतत भिजवायला लागते. बोर्दोत खालचा रस पंपाने वर आणून टोपीवर सोडतात. बर्गंडीत टोपी दांड्याने खाली दाबतात. तिथल्या पिनो न्वार जातीची साल नाजूक, तिला हळुवार वागणूक लागते. तापमान २५ ते ३० अंशांच्या आसपास राखतात. त्याहून बरंच वर गेलं तर यीस्ट मरतं आणि वाइन अर्धवट गोड अडकते.

आठवडा-दोन आठवड्यांनी, कधी अधिक, रस खालून मोकळा सोडतात आणि उरलेला चोथा दाबून काढतात. मग दुसरी, फार कमी लोकांना माहीत असलेली पायरी येते. कैरीसारखं टोचणारं मॅलिक आम्ल जीवाणू मवाळ लॅक्टिक आम्लात बदलतात. दह्यात असतं तेच लॅक्टिक. बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांनी विसाव्या शतकात ही पायरी नशिबावर न सोडता ताब्यात ठेवायला बागवाल्यांना शिकवलं. त्याआधी वसंतात पिंपं पुन्हा फसफसली की लोक म्हणायचे, बागेत रस चढतोय म्हणून वाइनलाही जाग आली.

पांढरी आणि गुलाबी?

पांढरीत द्राक्षं आल्या आल्या दाबतात, साल बाजूला आणि नुसता रस थंड ठेवून आंबवतात. प्रोव्हान्सची गुलाबी वाइन काळ्या द्राक्षांपासूनच होते, सालीचा सहवास काही तासांचा. लाल आणि पांढरी मिसळून गुलाबी करायची मुभा शॅम्पेनला आहे, प्रोव्हान्सला नाही.

शॅम्पेनमध्ये बुडबुडे भरतात का?

भरत नाहीत, बाटलीतच तयार होतात. साधी, आंबट, पांढरी वाइन बाटलीत भरताना लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून झाकण लावतात. बाटलीत पुन्हा आंबतं, वायूला बाहेर वाट नसते, दाब सहा वातावरणांपर्यंत जातो. बाटल्या चुनखडीच्या थंड तळघरांत आडव्या पडून राहतात. साधी शॅम्पेन किमान १५ महिने, विशिष्ट सालाची किमान तीन वर्षं. मेलेल्या यीस्टच्या गाळातून पावासारखा, भाजलेल्या बदामासारखा वास उतरतो.

मग तो गाळ काढायचा कसा? बाटली भोकांच्या फळीत तोंड खाली करून ठेवतात आणि रोज थोडी फिरवतात, म्हणजे गाळ बुचाशी जमतो. ही फळी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विधवा क्लिको यांच्या तळघरात घडली. पतीच्या मागे सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी धंदा हाती घेतला होता. शेवटी बाटलीचं तोंड गोठवून गाळाचा खडा दाबाने उडवतात, चवीपुरती साखर घातलेली वाइन भरतात आणि बूच लावतात. दों पेरिन्यों या साधूने बुडबुडे शोधले ही लोककथा आहे. त्यांचं खरं कसब वेगवेगळ्या बागांची द्राक्षं मेळवण्यात होतं.

ओकचं पिंपच का?

ओकमधून हवा अगदी किंचित झिरपते, त्याने तुरटपणा मवाळ होतो. आतून जाळलेल्या लाकडाचा व्हॅनिला, लवंग, धूर असा वासही चढतो. बोर्दोचं पिंप २२५ लिटरचं, बर्गंडीचं २२८ चं. त्रोंसेच्या सरकारी जंगलातला ओक सर्वांत नावाजलेला. नवं पिंप महाग आणि जोरकस असतं. हलक्या वाइनवर ते वापरलं की फळाचा वास झाकला जातो आणि सुताराच्या कारखान्यात बसल्यासारखं वाटतं.

बाटलीवर द्राक्षाचं नाव का नसतं?

कारण कायदा गावाच्या नावाचं रक्षण करतो. फिलॉक्सेरानंतर भेसळ बोकाळली होती. त्यातून १९३५ चा कायदा आला आणि १९३६ मध्ये शातोनफ-द्यु-पाप, आर्बवा, ताव्हेल अशी पहिली नामांकनं जाहीर झाली. कोणत्या तुकड्यावर, कोणती जात, किती उत्पादन, कशी छाटणी, हे सगळं त्या नावासोबत बांधलेलं असतं.

थोडं पाठ केलं की सोपं जातं. शाब्ली म्हणजे शार्डोने. सॉंसेरची पांढरी म्हणजे सोव्हिन्यों ब्लांक. बोजोलेची लाल म्हणजे गामे, एर्मिताजची लाल म्हणजे सिरा. मेदॉकमध्ये कॅबरने पुढे, पोमेरोलमध्ये मर्लो. आल्सास मात्र जातीचं नाव छापतं. बोर्दोची १८५५ ची पाच पायऱ्यांची प्रतवारी अजूनही लावतात. वरच्या दर्जात तिच्यात एकच मोठी बढती झाली, १९७३ मध्ये मूतों रॉथशिल्डची.

वाइन शाकाहारी असते का?

प्रत्येक नाही. गढूळपणा बसवायला बोर्दोत पूर्वापार एका पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक घालतात. काही जण दुधातलं केसिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. नंतर तो गाळासोबत निघून जातो, पण ज्यांना चालत नाही त्यांनी बाटलीवर व्हेगन खूण पाहावी. बेंटोनाइट माती वापरणारे किंवा काहीच न वापरणारे उत्पादक बरेच आहेत.

हवामान बदलाने काय होतंय?

बोनमध्ये काढणीच्या तारखांची नोंद १३५४ पासूनची सापडते. त्या नोंदींवरच्या अभ्यासानुसार १९८८ पासून काढणी आधीच्या शतकांच्या तुलनेत सरासरी १३ दिवस लवकर होते आहे. गोडी लवकर चढते, आंबटपणा लवकर उतरतो. बोर्दोने तर पोर्तुगालची तूरिगा नासियोनाल आणि मार्सलान यांच्यासह एकूण सहा नव्या जाती मर्यादित प्रमाणात मान्य केल्या आहेत. स्वतःच्या जातींचा इतका अभिमान बाळगणाऱ्या प्रदेशाने हे करावं, यावरून चिंता किती खोल आहे ते कळतं.

नाशिकच्या वाइनमध्ये फ्रेंच जाती कोणत्या?

जवळपास सगळ्याच. सोव्हिन्यों ब्लांक, कॅबरने सोव्हिन्यों आणि शिराज. शिराज म्हणजे ऱ्होनची सिराच, नाव इराणी शहराचं असलं तरी आई-बाप दोन्ही फ्रेंच. कॅबरने सोव्हिन्योंही सोव्हिन्यों ब्लांक आणि कॅबरने फ्रांक यांचं अपत्य आहे, हे १९९० च्या दशकात डीएनए चाचणीने कळलं. आपल्याकडे सगळ्यात जास्त रमली ती लुआर खोऱ्यातली चेनिन ब्लांक, कारण उष्णतेतही तिचा आंबटपणा बऱ्यापैकी टिकतो. आपल्याकडे पाऊस टाळून जानेवारी ते मार्चमध्ये काढणी होते. दिवस कोरडे, रात्री थंड. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही आहे.

सुरुवात कुठून करू?

एकाच जातीच्या दोन बाटल्या घ्या: लुआर खोऱ्यातल्या वुव्रेची कोरडी (गोड नसलेली) चेनिन आणि नाशिकची चेनिन. दोन्ही फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी, सारख्याच पेल्यांत. नाशिकच्या पेल्यात बहुधा पेरू आणि पिकलेलं फळ आधी जाणवेल, वुव्रेत सफरचंद, थोडा मध आणि जिभेच्या कडेला रेंगाळणारा आंबटपणा. सोबत काजू किंवा खारे शेंगदाणे ठेवा. लोणचं नको, ते दोन्हींना मारतं. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते.